हरलेल्या घोड्यांची वही

यंदाच्या अंकाचा विषय ‘अंदाज’ ठरला तोवर पाऊस, शेअर बाजार आणि निवडणूक ही तिन्ही कुरणं इतरांनी अडवली होती. “तू घोडे बघ,” संपादक म्हणाले. पुण्यात राहूनही मला रेसकोर्स ठाऊक होता तो सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा आणि मोठ्या नेत्यांच्या सभांचा. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत तिथे घोडे पळतात, ही गोष्ट अर्ध्या पुण्याला माहीत नसते आणि उरलेल्या अर्ध्यातले बरेच जण ती घरी सांगत नाहीत.

पाचवा आलेला

शर्यत ‘मेडन’ घोड्यांची होती, म्हणजे आजवर एकही न जिंकलेल्यांची. अंतर १४०० मीटर. नुकतीच सर येऊन गेली होती आणि ट्रॅकवरून चिखलाचे गोळे उडत होते. शेवटचा सरळ पट्टा आला तसं सगळं स्टँड उभं राहिलं. ओरडा झाला आणि दीड मिनिटाच्या आत सगळं आटोपलंही. जिंकलेल्या घोड्याचे मालक फोटोसाठी खाली धावले, हरलेली तिकिटं फरशीवर पडली.

माझ्या शेजारी बसलेले काका मात्र अजून दुर्बिणीतून विजयस्तंभाच्या पुढे, घोडे जिथे हळूहळू थांबतात तिकडे बघत होते. बँकेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली, अंगात पांढरा हाफ शर्ट, खिशात दुमडलेलं ‘कोल’. मुंबई-पुण्याच्या रेसवाल्यांचं हे छोटं पुस्तक. प्रत्येक घोड्याची मागची कामगिरी, वजन, जॉकी, सगळं त्यात असतं.

“मॅडम, तुम्ही जिंकलेल्याकडे बघत होतात ना?”

“सगळेच बघत होते.”

“मी सात नंबरकडे बघत होतो. पाचवा आला तो.”

त्यांनी पिशवीतून लांबट वही काढली. दुकानदार उधारीला ठेवतात तशी. आणि लिहिलं: “७. गेटमधून उशिरा. वळणावर तीन घोड्यांच्या बाहेरून. शेवटचे २०० चाबूक नाही. रेस संपल्यावरही पळतोय. १६००ला बघणे.”

जिंकलेल्या घोड्याबद्दल वहीत एक अक्षर नव्हतं. “त्याचं काय लिहायचं? तो आता सगळ्यांना दिसला. पुढच्या वेळी भाव काय मिळणार त्याला?”

या लेखाचा विषय हाच आहे. आज हरलेल्या घोड्यांतून उद्याचा जिंकणारा हुडकणं आणि तो पुन्हा उतरेपर्यंत त्याचा माग ठेवणं. रेसच्या जगात हा जुना आणि रीतसर उद्योग आहे. इंग्लंडमध्ये फिल बुल या गणिताच्या माणसाने १९४८ साली ‘टाइमफॉर्म’ ही संस्था उभी केली आणि प्रत्येक घोड्याला आकड्यात मोजायला सुरुवात केली. त्यांच्या आकड्याला कधीकधी एक छोटा ‘पी’ चिकटलेला असतो. हा घोडा अजून सुधारेल, असा त्याचा अर्थ. कॅपिटल ‘पी’ असेल तर खूपच सुधारेल. जाणकार मंडळी आकड्याआधी ते शेपूट बघतात. काकांच्या वहीत ‘पी’ नव्हता, समासात एक बाण होता, वर तोंड केलेला.

सकाळी सहाचे घड्याळवाले

शर्यतीचा दिवस हा निकालाचा दिवस. अभ्यास सकाळी होतो. उजाडता उजाडता तबेल्यांतून घोडे ट्रॅकवर येतात आणि स्टॉपवॉच घेतलेली काही माणसं कठड्याला टेकून उभी राहतात. यांच्या नोंदी दुसऱ्या दिवशी छापून येतात: अमुक घोडा, ८०० मीटर ५३ सेकंद, ६०० मीटर ३९, ‘सहज’. हा शेवटचा शब्द महत्त्वाचा. तीच वेळ सकाळी घोडा पळवणाऱ्या रायडिंग बॉयने ढकलून काढली असेल तर तिला अर्धीच किंमत.

पंचाईत अशी की सकाळी घोड्यांच्या पाठीवर नंबर नसतात. शेकडो घोडे, त्यांतले निम्मे एकाच तपकिरी रंगाचे, धुकं, आणि पन्नास मीटरवरून सुसाट जाणारं जनावर. घड्याळवाले ते ओळखतात कपाळावरच्या चांदणीवरून, मागच्या डाव्या पायाच्या पांढऱ्या मोज्यावरून, मान धरण्याच्या ढबीवरून. पंचकल्याणी असला तर सोपं. चारही पाय आणि तोंड पांढरं असलेला घोडा लपत नाही.

आपल्याकडे घोडा पारखण्याची परंपरा या खुणांचीच. मार्गशीर्षात सारंगखेड्याच्या यात्रेत आजही गिऱ्हाईक घोड्याभोवती फिरून भोवरे तपासतं. गळ्याशी देवमण आहे का, अशुभ जागी भोवरा नाही ना. तिथे अंगावरची खूण घोड्याचं भविष्य सांगते. रेसकोर्सवर तीच खूण फक्त ओळखपत्राचं काम करते. भविष्य घड्याळाला विचारायचं.

घड्याळालाही सगळं कळत नाही. एका सईसाशी बोलले. खरारा करता करता तो म्हणाला, “वेळ काय, कुणीही काढेल. रेस झाल्यावर रात्री दाणा संपवला का, ते विचारा.” जोरदार पळून आलेला घोडा दाणा सोडतो तेव्हा त्या धावेने त्याच्यातलं बरंच काही काढून घेतलेलं असतं. लोकांच्या डोळ्यांत भरलेली दौड पुढच्या महिन्याभरात पुन्हा होईलच असं नाही. ही माहिती कुठल्याही पुस्तकात छापून येत नाही. सईस, ट्रेनर आणि दाण्याचं घमेलं ज्याच्यासमोर ठेवलं जातं ते जनावर, एवढ्यांनाच ती असते. नाकातून रक्त आलं तर गोष्ट वेगळी. त्याची नोंद होते आणि घोड्याला ठरावीक काळ सक्तीने बसवलं जातं.

वळणावरचा हिशेब

‘चांगला हरला’ म्हणजे नेमकं काय? काकांच्या वहीतली कारणं वाचत गेलं की लक्षात येतं, त्यांतली बरीचशी शाळेच्या भूमितीतली आहेत.

अर्धवर्तुळाकार वळणावर एक घोडा आतल्या रेलला चिकटून पळतोय आणि दुसरा त्याच्या दोन मीटर बाहेरून. बाहेरच्याला जास्तीचं किती पळावं लागेल? दोन गुणिले पाय, म्हणजे सव्वासहा मीटरच्या आसपास. घोड्याची एक लांबी साधारण अडीच मीटर धरतात, म्हणजे झाल्या अडीच लांब्या. तो घोडा दोन लांब्यांनी हरला तर कागदावर हरला, पायांनी नाही. पूर्ण वेगात असलेला घोडा एका सेकंदात पाच-सहा लांब्या जातो, तेव्हा हा सगळा मामला अर्ध्या सेकंदाच्या आतला आहे. गेटमधून सुटताना मान वर करून उभा राहिलेला कच्चा घोडा तेवढा वेळ सहज घालवतो.

पण पुण्याचा पाऊस या भूमितीत पाणी घालतो. हंगामात वारंवार पळून आतली पट्टी खणल्यासारखी होते. ती वाचवायला क्लब ‘फॉल्स रेल’ लावतो, म्हणजे आतलं कुंपण काही मीटर बाहेर सरकवतो. किती आणि कुठून कुठपर्यंत, ते जाहीर होतं. जमीन किती मऊ आहे हे मोजायचं यंत्र, पेनिट्रोमीटर, त्याचा आकडाही जाहीर होतो. एखाद्या रविवारी आतली जमीन इतकी चिघळलेली असते की बाहेरून पळालेले घोडेच फायद्यात राहतात. त्या दिवशी ‘बिचारा बाहेरून पळाला’ अशी नोंद करणाऱ्याने स्वतःलाच फसवलेलं असतं. म्हणून वहीत प्रत्येक दिवसाच्या डोक्यावर आधी जमीन लिहिलेली. मग घोडे.

याहून फसवी गोष्ट म्हणजे वेगाची वाटणी. शेवटच्या दोनशे मीटरमध्ये मागून सपाट्याने येणारा घोडा सगळ्यांच्या नजरेत भरतो. “अजून शंभर मीटर असते तर!” हे वाक्य प्रत्येक स्टँडवर ऐकू येतं. काका त्यावर हसतात. पुढच्या घोड्यांनी सुरुवातीलाच जीव तोडून पळण्याची चूक केली असेल तर शेवटी ते उभेच राहिल्यासारखे दिसतात, आणि मागून येणारा नुसत्या आपल्या चालीने येत असला तरी उडतोय असं वाटतं. उलट पुढच्याने सगळ्यांना हळू पळवलं आणि मग वेग वाढवला, तर मागून कुणाला येताच येत नाही. अशा संथ शर्यतीत सातव्यावरून तिसरा आलेला घोडा खरा. आणि दमछाकीच्या शर्यतीत पुढे राहून, सगळे मोडले तरी चौथा टिकलेला घोडाही खरा, फक्त तो दिसायला वाईट दिसतो. माझ्या मते या साऱ्या कलेतला सर्वांत कठीण भाग हाच आहे. डोळा नेहमी वाढत्या वेगाला भुलतो. थकत असूनही न सोडणाऱ्याकडे बघायला डोळ्याला वळण लावावं लागतं.

लाल वर्तुळं

वहीच्या मागच्या पानांवर वेगळाच प्रकार होता. तिथे घोडे नव्हते, शर्यती होत्या. एकेका शर्यतीतले घोडे ज्या क्रमाने आले त्या क्रमाने लिहिलेले, आणि काहींभोवती लाल वर्तुळ.

“या रेसमधला जो घोडा पुढच्या वेळी जिंकतो, त्याला गोल करायचा. तीन गोल झाले की समजायचं, ती रेस भारी होती. मग गोल न झालेले कोण उरले ते बघायचं.”

काकांनी ही युक्ती कुठे वाचली ते त्यांना आठवत नव्हतं. अमेरिकेत स्टीव्ह डेव्हिडोविट्झ या लेखकाने १९७७च्या ‘बेटिंग थरोब्रेड्स’ या पुस्तकात ती मांडून लोकप्रिय केली. अशा शर्यतीला तिकडे ‘की रेस’ म्हणतात. तर्क सरळ आहे. एका घोड्याच्या एका धावेवरून फारसं कळत नाही, तो, जॉकी, जमीन, नशीब सगळं त्यात मिसळलेलं असतं. पण एकाच शर्यतीतून निघालेले तीन-चार घोडे वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या अंतरावर जिंकू लागले, तर त्या दिवशी तिथे चांगल्या घोड्यांचा मेळा भरला होता हे नक्की. मग तिथे सहावा आलेलाही वाटतो तितका वाईट नसतो.

याचं जगातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण १३ ऑगस्ट २०१०चं. इंग्लंडमध्ये न्यूमार्केटला, ओल्या जमिनीवर, दोन वर्षांच्या नवख्या घोड्यांची एक मैलाची साधी मेडन शर्यत. पहिला आला फ्रँकेल. पुढे तो चौदापैकी चौदा शर्यती जिंकून निवृत्त झाला आणि टाइमफॉर्मने त्याला १४७ हा आपल्या इतिहासातला सर्वोच्च आकडा दिला. पण आपल्याला बघायचाय तो अर्ध्या लांबीने दुसरा आलेला नॅथॅनियल. तोही त्या दिवशी पहिल्यांदाच पळत होता. २०११च्या जुलैत त्याने अॅस्कटची किंग जॉर्ज ही शर्यत जिंकली, २०१२ला एक्लिप्स ही शर्यत जिंकली आणि नंतर एनेबल या विलक्षण घोडीचा बाप झाला. तिसरा आलेला जीनियस बीस्टही पुढच्या वसंतात सँडाउनची क्लासिक ट्रायल जिंकून गेला.

ही गोष्ट सांगणारे एक बारीक कलम गाळतात. नॅथॅनियल त्या वर्षी एकही शर्यत जिंकला नाही. त्याचं पहिलं यश पुढच्या वर्षीचं. म्हणजे ज्याने ऑगस्टमध्ये त्याच्या नावापुढे बाण काढला आणि पुढच्याच वेळी पैसे लावले, तो हरला. घोडा बरोबर ओळखूनही हरला. माग ठेवायचा म्हणजे किती दिवस, कितव्या वेळेपर्यंत, हा प्रश्न इथे उभा राहतो. काकांचा नियम कडक आहे: “दोनदा माफ, तिसऱ्यांदा साफ.” दोन संधींत नाही जमलं तर नाव खोडायचं, मग कितीही जीव जडलेला असो. वहीत खोडलेली नावं जिवंत नावांपेक्षा बरीच जास्त आहेत.

लाल वर्तुळांची पद्धत पुण्यात थोडी लंगडते, असं मला वाटतं. इंग्लंड-अमेरिकेत घोडे शेकडो मैलांवर विखुरतात आणि अनोळखी घोड्यांना हरवून परततात, म्हणून त्या विजयाला साक्षीची किंमत असते. इथे त्याच वर्गातले तेच घोडे दर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एकमेकांसमोर येतात. तिसरा आलेला पुढच्या वेळी जिंकला, पण हरवलं कुणाला? मागच्या वेळी पाचवा आणि सहावा आलेल्यांनाच. साक्षीदार आणि पक्षकार एकच. हे काकांना म्हणून पाहिलं. ते म्हणाले, “म्हणून तर तीन गोल. दोनावर मी हलत नाही.”

सोडला की सुटला?

हरलेल्या घोड्यांचा विषय निघाला की रेसकोर्सवर दबक्या आवाजात एक वाक्य येतंच: “आज सोडलाच नाही त्याला.” म्हणजे जॉकीने पळवलाच नाही, पुढच्या वेळी चांगला भाव मिळावा म्हणून. काकांच्या नोंदीतलं ‘शेवटचे २०० चाबूक नाही’ हे वाक्यही दोन्ही बाजूंनी वाचता येतं. नवखा घोडा, त्याला पहिल्याच दिवशी मारून घाबरवायचं नाही, ही चांगल्या ट्रेनरची शिकवण. आणि तेच वाक्य संशयाचंही.

नियम स्पष्ट आहे. प्रत्येक घोडा त्याच्या पूर्ण कुवतीनुसार पळवला पाहिजे. शर्यत संपली की पंच, म्हणजे स्टुअर्ड, वेगवेगळ्या कोनांतली चित्रफीत बघतात, संशय आला तर जॉकी-ट्रेनरला बोलावतात, दंड होतो, बंदी होते. तरीही हरलेल्या पंटरला कट हा नेहमीच योगायोगापेक्षा जवळचा वाटतो. मला विचाराल तर बहुतेक ‘खेचलेले’ घोडे प्रत्यक्षात कोंडलेले असतात. पुढे दोन घोडे, बाजूला एक, वाट निघेपर्यंत विजयस्तंभ आलेला. वाट न मिळालेला घोडा दूरवरून खेचल्यासारखाच दिसतो. शांतपणे चित्रफीत दुसऱ्यांदा बघणारा माणूस इथे कमावतो, आणि चिडलेला माणूस गमावतो.

या सगळ्याला कौशल्य म्हणायचं की जुगार, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तामिळनाडू या खटल्यात १९९६ साली न्यायालयाने घोड्यांच्या शर्यती हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचं मान्य केलं. स्टँडवर हा निकाल लोकांना तोंडपाठ आहे. घरी वापरायला बरा पडतो.

हॅन्डिकॅपर आणि सरकार

समजा तुम्ही घोडा अचूक हेरला. मग अडवायला दोन माणसं उभी असतात.

पहिला हॅन्डिकॅपर. प्रत्येक घोड्याला तो गुण देतो आणि गुणांप्रमाणे वर्ग ठरतो. चौथ्या वर्गात २० ते ४६ गुणांचे घोडे, तिसऱ्यात ४० ते ६६. एक गुण म्हणजे पाठीवर अर्धा किलो. जिंकला की गुण चढले, म्हणजे पुढच्या वेळी ओझं जास्त किंवा वर्ग वरचा. ढोबळमानाने मैलाच्या शर्यतीत एक किलो म्हणजे एक लांबी. चांगला हरलेला घोडा म्हणूनच सोन्यासारखा, कारण त्याची कुवत वाढलेली असते आणि गुण जुनेच असतात. पण हॅन्डिकॅपरही तीच शर्यत बघतो, तुमच्यापेक्षा चांगल्या खुर्चीतून. दुसऱ्या-तिसऱ्या आलेल्याला तोही सोडत नाही. खरी फट सापडते चौथ्या ते आठव्या क्रमांकात.

दुसरा माणूस सरकार. पैजेच्या संपूर्ण रकमेवर आधी २८ टक्के जीएसटी होता आणि २२ सप्टेंबर २०२५पासून तो ४० टक्के झाला. म्हणजे कर धरून शंभर रुपये दिले तर खेळात उतरतात साधारण ७१. जिंकण्याआधीच २९ रुपये गेले. बाजारापेक्षा थोडं जास्त कळून इथे भागत नाही, फारच जास्त कळावं लागतं. काका आता बहुतेक शर्यतींत तिकीट काढतच नाहीत. नोंद करतात आणि चहा घेतात. बाकीचे बरेच जण मोबाइलवरून बेकायदा पैज लावतात, हे कुणी लपवतही नाही. त्या व्यवहारात ना क्लबला काही मिळत ना सरकारला.

याची झळ घोड्यालाही लागते. क्लबची बक्षिसं याच उलाढालीतून निघतात आणि बक्षिसांवर तबेले चालतात. न जिंकणारा घोडा किती दिवस पोसायचा, हा प्रश्न प्रत्येक मालकापुढे असतोच. पुण्याने त्यातून एक विलक्षण वाट काढली होती. पूनावाला कुटुंबाच्या स्टड फार्मवरचे निवृत्त घोडे रक्तजलासाठी हाफकिन संस्थेला दिले जात. ते काम आपणच का करू नये, या विचारातून १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. पण अशी वाट सगळ्याच घोड्यांच्या नशिबी येत नाही.

घाट उतरताना

हा अंक हाती पडेल तेव्हा पुण्याचा हंगाम आटोपलेला असेल आणि घोडे ट्रकांतून घाट उतरून मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सला पोचलेले असतील. पुणे ही खरं तर तीन वर्षांच्या घोड्यांची पाठशाळा. इथे जुलैत कच्चे म्हणून उतरलेले मुंबईत डिसेंबरला १६०० मीटरच्या ‘गिनीज’ शर्यतींत पळतात आणि वय चार लागलं की फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी २४०० मीटरच्या इंडियन डर्बीला. १९४३ची पहिली डर्बी प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीने जिंकली होती. त्यानंतरच्या प्रत्येक पावसाळ्यात कुणी ना कुणी पुण्याच्या चिखलात तिचा वारस शोधत आलंय.

हंगामाच्या अखेरीस काकांच्या वहीत मुंबईसाठी मोजकीच नावं उरली होती. त्यांत तो सात नंबरही होता. मधल्या काळात तो एकदा १६००ला तिसरा आला, म्हणजे एक संधी वापरून झाली. काकांचं म्हणणं, त्याचा बाप लांब पल्ल्याचा, पोरगं २४०० झेपवेल. त्यांचे मित्र, पूर्वी रायडिंग बॉय असलेले, ठाम विरोधात. “अहो, त्याची आई बाराशेच्या वर कधी पळाली नाही. आणि शेवटी तोंड वर करतो तो, बघितलं नाहीत? श्वास संपतो त्याचा.”

“तोंड वर केलं ते चिखल लागला म्हणून.”

“मग मुंबईत कोरड्यावर कळेल.”

“तेच म्हणतोय मी. ताई, तुम्ही लिहून घ्या, नंतर हा नाही म्हणेल.”

लिहून घेतलं आहे. डिसेंबरात तो १६००ला उतरला तर ही त्याची दुसरी संधी.